हात की चाकं?

१ जानेवारी

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि आमच्या ह्यांनी ही डायरी आणून पुढ्यात ठेवली. रोज झोपण्यापूर्वी एक तरी चांगली गोष्ट लिहायची म्हणे, म्हणजे डोकं थंड राहतं. मी म्हटलं, माझं डोकं तापतं ते तुमच्यामुळे, तेव्हा तुम्हीच लिहा. तर हसले. लग्न झाल्यापासून हा माणूस नुसता हसतोय, आणि त्यावर काही गोळी निघालेली नाही.

कालच्या पेपरातली यादी आज चहाबरोबर पुन्हा वाचून दाखवली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी छापतात, 'सरत्या वर्षातल्या हवाई घडामोडी'. कोण कुठून कुठे न थांबता उडालं, कुठलं नवं विमान पहिल्यांदा वर गेलं. आणि मग कुठे काय कोसळलं आणि किती माणसं गेली. अर्धी यादी विक्रमांची, अर्धी अपघातांची. पोस्टात बसून पत्रं निवडण्यात ज्याची हयात गेली त्याला विमानांचं एवढं काय पडलंय, देव जाणे. मी स्टुलावर चढून पडदासुद्धा लावत नाही. म्हटलं, ती खालची अर्धी तुमची तुम्ही मनात वाचा.

ठकी मात्र दोन्ही कान देऊन ऐकत होती. ठकी म्हणजे आमची एकुलती एक. विमानतळाच्या ऑफिसात लागल्यापासून तिलाही बापाचंच खूळ लागलंय. तळ कसला डोंबलाचा! गवताचं मैदान, पत्र्याची शेड आणि दोन विमानं.

आजची चांगली गोष्ट: बटाट्यांत एकही सडका निघाला नाही.

९ जानेवारी

संध्याकाळी ठकी आली ती थेट माझ्या मशीनपुढे उकिडवी बसली. ही अशी बसली की समजावं, काहीतरी पदरात पाडून घ्यायचंय.

"आई, एका म्हातारीला कपडे शिवायचेत."

"माप आणलंस?"

"माप जरा मोठं आहे. ती विमान आहे."

तळावरच्या दोन विमानांपैकी पांढरं पत्र्याचं, त्यावर शिकवतात. दुसरीला आजीबाई म्हणतात. तिची हाडं लाकडाची आणि वरचं कातडं कापडाचं. कापड कुजलं म्हणून कित्येक वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलीय. आता तिला पुन्हा उडवायचं ठरलंय, पण पूर्वी कापड चढवणाऱ्या गृहस्थांना दिसेनासं झालंय.

"पंख कापडाचे?"

"हो."

"आणि त्यात माणसं बसतात?"

"पंखात नाही गं बसत, आई."

मी साफ नाही म्हणून सांगितलं. मी गणवेश शिवते, पडदे शिवते, गाद्या-उशांच्या खोळी शिवते. माझा टाका उसवला तर फार तर कापूस बाहेर येईल, माणूस नाही.

"तुझ्यापुढे हात टेकले बाई!" म्हणत ती उठून गेली. हे तिचं लहानपणापासूनचं पालुपद. पालक खा म्हटलं की हात टेकले, गणितं कर म्हटलं की हात टेकले.

चांगली गोष्ट: नाही म्हणता आलं.

१६ जानेवारी

नुसतं बघायला गेले होते.

तिथल्या मेकॅनिकला सगळे पक्कड म्हणतात, कारण वरच्या खिशात पेनाच्या जागी पक्कड असते. साठीचा माणूस, शब्द मोजून देणारा. त्यांनी पंख दाखवला. नुसत्या फासळ्या, ताटात उरलेल्या माशासारख्या. त्यावर कापडाची लांबलचक पिशवी चढवायची, तोंड शिवायचं आणि मग प्रत्येक फासळीला कापड टाक्यांनी बांधायचं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, ही तर उशीची खोळ!" ते म्हणाले, "बरोबर. फक्त उशी वर जाते."

मग गाठ शिकवली. मेण लावलेला दोरा, हातभर लांब दाभण. माझी पहिली ओळ त्यांनी पाहिली, खिशातून पक्कड काढली आणि कचाकच तोडून टाकली. दुसरीही तोडली. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, एवढी वर्षं शिवतेय, एक गिऱ्हाईक ओरडत आलेलं नाही.

"बाई, इथलं गिऱ्हाईक ओरडायला परत येत नाही."

तिसरी ओळ मी तोंड मिटून घातली. ती त्यांनी ठेवली. निघताना म्हणाले, तुमचे मिस्टर माझ्या ओळखीचे, तरुणपणी रोज संध्याकाळी कुंपणाला सायकल टेकवून उभे असायचे. मी म्हटलं, पोस्टाची पत्रं टाकायला येत असतील. पण हे कुठले पोस्टमन, हे तर आत बसून पत्रं निवडणारे. त्यांचा माणसात घोटाळा होत असेल.

अर्ध्या वाटेत ध्यानात आलं की मी हो म्हणून आलेय.

४ फेब्रुवारी

डाव्या पंखाची खोळ चढली. आज इस्त्री फिरवली. हे कापड गरम इस्त्रीने आवळतं, चोळामोळा असलेलं डोळ्यांदेखत ताठ होतं. टिचकी मारली की टम्म वाजतं. मी शेडमधल्या प्रत्येकाला बोलावून टिचकी मारायला लावली. पक्कड "ठीक" म्हणाले. ठकी सांगते, ते ठीक म्हणाले म्हणजे तुला हार घातला असं समज.

या वयात नवी विद्या हाताला लागली. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटतंय.

२१ फेब्रुवारी

ठकीचं कुठेतरी जुळलंय. माझी खात्री आहे.

पहाटे उठते, खिडकी उघडते, ओलं केलेलं बोट बाहेर धरून बसते. जेवताना हाताचा पंजा तिरका करून हळूहळू ताटाकडे आणते आणि स्वतःशीच हसते. विचारलं तर म्हणे मनगट अवघडलंय. ह्यांच्या फोनवर तिचा एकच शब्द येत असतो: 'टेकले.' मी म्हटलं हे काय? तर हे म्हणाले, ऑफिसात खुर्चीला पाठ टेकली की कळवते. दिवसातून चार-चारदा ही मुलगी खुर्चीला पाठ टेकते, मग काम कधी करते? ह्यांचंही काही कळत नाही. पाठीला ऊन हवं म्हणून गच्चीवर जातात, ते नेमकं तळावरून विमान वर गेलं की. शेकायला पाठ ती, आणि वर असतं तोंड.

काल फोनवर ऐकलं. "मास्तर, आज छान झालं ना? उद्या पुन्हा?" मास्तर म्हणजे तळावर विमान शिकवणारे. चाळिशीचे, केस विरळ, पण दात एकसारखे आणि माणूस सालस. मी काही जुन्या वळणाची नाही. पण आईला सांगायला नको?

चांगली गोष्ट: दात खरंच छान आहेत.

८ मार्च

आज उजवा पंख लाकडी घोडीवर उभा केला होता. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ठकी, मध्ये कापड. ती दिसत नाही, नुसती सुई येते-जाते. मी दाभण फासळीच्या अलीकडून खुपसायचं, तिने पलीकडून ओढून दुसऱ्या अंगाने परत द्यायचं. समोरासमोर जे विचारवत नाही ते विचारायला ही जागा बरी.

"कधीपासून चाललंय?" मी म्हटलं.

सुई थांबली. मग आली.

"काय?"

"मला आंधळी समजतेस? पहाटे उठणं काय, हसणं काय!"

तिने दोरा ओढून घेतला. मग ती म्हणाली, "गेल्या पावसाळ्यानंतर."

"बाबांना माहीत आहे?"

"हो."

म्हणजे मीच तेवढी परकी! तरी डोकं थंड ठेवलं. "अगं मग चोरून कशाला? माझी ना नाही. एकदा रीतसर घरी घेऊन ये."

"घरी कसं आणणार? दारातून पंख मावायचे नाहीत."

"कुणाचे पंख?"

"विमानाचे! तू कुणाबद्दल बोलतेयस?"

"मी मास्तरांबद्दल बोलतेय!"

पलीकडून असं हसू फुटलं की अख्खा पंख थरथरला. शेडच्या कोपऱ्यात पक्कडांच्या हातून काहीतरी खणकन पडलं. मग हसू थांबलं आणि तिने सांगितलं. ती विमान चालवायला शिकतेय. एकटी वर जाऊनही आलीय. 'टेकले' म्हणजे खुर्ची नाही. चाकं जमिनीला टेकली की हे लोक तसं म्हणतात.

मला ती यादी आठवली, खालची अर्धी. दाभण तसंच पंखात सोडलं आणि चालत घरी आले. नाव हौसेने ठकी ठेवलं, तिने पहिलं ठकवलं ते मला.

आज चांगली गोष्ट बिष्ट काही नाही.

९ मार्च

ह्यांना विचारलं, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात? म्हणाले, "तू नको म्हणाली असतीस. आणि तिने तुझं ऐकलं असतं." आज हसले नाहीत.

दोघांशी अबोला.

१८ मार्च

अबोला टिकला, झोप टिकली नाही. ते दाभण डोळ्यांपुढून हलेना. अर्धवट शिवलेला पंख तसाच राहणार नाही, कुणीतरी येऊन ओळ पुरी करणार. घाईने, सैल हाताने. आणि पोर तर ऐकायची नाही, ती बसणारच त्याच्याखाली. म्हटलं, मरू दे तो अबोला. दुसऱ्या कुणाचा टाका माझ्या मुलीच्या डोक्यावर नको.

गेले तर दाभण होतं तिथेच. कुणाला लागू नये म्हणून टोकाला चिंधी बांधली होती. पक्कडांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मी चिंधी सोडली, दाभण धरलं आणि विचारलं, पलीकडे आहे का कुणी?

"आहे," ठकी म्हणाली.

त्या चिंधीबद्दल पक्कडांचे आभार मानायचे राहिले. इथे मानते.

१३ मे

आज मास्तरांनी आजीबाईला वर नेलं. मी शेडमागे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आवाज दूर गेला, जवळ आला, मग गवतावर धाप धाप झालं. पक्कड येऊन म्हणाले, "बाई, ठीक." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रोगणाच्या वासाने. पंखांना आत्ताच रोगणाचा हात दिला होता.

ह्यांनी घरी जपून ठेवलेल्या यादीच्या कोपऱ्यावर लिहिलं, 'हवाई घडामोडी: आजीबाईचे पुनरागमन'. विक्रमांच्या बाजूला लिहिलं बरं का.

२८ ऑगस्ट

पांढरं विमान दुरुस्तीला गेलं, ते कधी येईल सांगता येत नाही. ठकीची शेवटची परीक्षा राहिलीय. एकटीने लांब जायचं, दोन परक्या तळांवर उतरायचं आणि परत यायचं. ती झाली की परवाना. आता ती आजीबाईवर होणार.

हे मला सांगायला घरातले दोघे आणि मास्तर असे तिघे आले. मी उठून शेडमध्ये गेले, चष्मा पुसला आणि प्रत्येक टाक्यावरून बोट फिरवलं. उजव्या पंखाच्या टोकाशी एक गाठ मला पसंत पडेना. पक्कड म्हणाले, चांगली आहे. मी म्हटलं, तुमची पक्कड द्या इकडे. तोडली आणि पुन्हा घातली.

१५ सप्टेंबर

काल लिहिणं शक्य नव्हतं.

ठकी काल सकाळी निघाली. पहिल्या तळावरून निरोप आला, टेकले. दुसऱ्यावरून आला, टेकले. ती परतीच्या वाटेवर असताना मी मास्तरांच्या खोलीत बसले होते. रेडिओवर तिचा आवाज आला, अगदी शांत. "इंजिन दम टाकतंय. उंची राहत नाही. उतरायला जागा बघते."

मास्तर तिला एकेक सांगत होते. वाऱ्याकडे तोंड कर, नाक खाली ठेव, वेग सोडू नकोस. ती हो म्हणत होती. मग खरखर सुरू झाली आणि त्या खरखरीतून एक शब्द आला.

"...टेकले."

पुढे काही नाही.

मास्तर ताडकन उठले. "उतरली! टेकले म्हणाली!" पक्कड दारात होते, ते खाली बघत राहिले. मी म्हटलं, तुम्ही काय ऐकलंत? ते म्हणाले, "त्याच्या आधी काहीतरी होतं, बाई. छोटंसं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. हे गच्चीवरून बोलत होते. "तिसरा निरोप आला नाही अजून."

"रेडिओवर आला. इंजिन बिघडलंय. पण टेकले म्हणाली."

ह्यांनी विचारलं, "हात की चाकं?"

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ज्या पोरीने आयुष्यभर पालकाच्या भाजीपुढे हात टेकले, तिने हवेत काय टेकलं हे मी कुठल्या तोंडाने सांगू? फोन कानाला धरून उभी राहिले. पलीकडे तेही तसेच. मास्तर रेडिओत तिला हाका मारत होते. मी मनातल्या मनात डाव्या पंखाच्या पहिल्या फासळीपासून एकेक गाठ आठवत निघाले. दुसरं काय करणार?

उजव्या पंखाच्या मध्यावर पोचले होते तेव्हा ऑफिसचा फोन वाजला. खणखणीत आवाजाच्या बाई होत्या, कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका. "तुमचं विमान आमच्या मैदानावर आलंय. मुलगी धडधाकट आहे, पाणी पितेय. आईला निरोप दिलाय, पंख थोडा फाटलाय, ओरडू नकोस म्हणून."

मी ह्यांच्या फोनात ओरडले, "चाकं! अहो, चाकं!" पलीकडून रडणं ऐकू आलं. सदा हसणाऱ्या माणसाचं रडणं ऐकवत नाही.

चांगल्या गोष्टी आज पानात मावायच्या नाहीत. मुलं वर्गात होती म्हणून मैदान मोकळं होतं. जमीन कोरडी होती. मास्तरांचा आवाज एकदाही चढला नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी विमान बघायला धावलेल्या मुलांना आधी रांगेत उभं केलं आणि मगच फोन केला, त्याबद्दल त्यांच्यावर रागवावं की पाया पडावं ते ठरलेलं नाही. पायाच पडेन.

२१ सप्टेंबर

आजीबाई ट्रकमधून परत आली. इंधनाच्या नळीत कचरा अडकला होता. पक्कड स्वतःवर इतके चिडलेत की कुणाशी बोलत नाहीत.

उतरताना गोलपोस्टाचा खांब उजव्या पंखाला लागला. कापड फाटत फाटत फासळीपर्यंत आलं आणि टाक्यांपाशी थांबलं. एकही टाका सुटला नाही. पक्कडांनी बोटाने दाखवलं. म्हणाले, पुढे गेलं असतं तर पंखच उघडा पडला असता. पक्कड खिशातून काढलीसुद्धा नाही त्यांनी. मी त्यांना म्हटलं, ज्या माणसाने माझ्या दोन ओळी तोडल्या त्याचे उपकार कसे फेडू? ते शेडबाहेर निघून गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

१५ ऑक्टोबर

ठकी ऑफिसात जाते आणि सरळ घरी येते. पहाटे खिडकी उघडत नाही. ह्यांच्या फोनवर निरोप येत नाही. मास्तरांनी दोनदा बोलावलं, ती दोनदा डोकं दुखतंय म्हणाली.

मला हवं होतं तेच झालं की! मुलगी जमिनीवर, माझी गोळी अर्ध्यावर. मग पहाटे तिच्या बंद खिडकीकडे मी का बघत बसते?

१ नोव्हेंबर

आज फाटलेल्या जागी नवं कापड लावायचं होतं. मुद्दाम ठकीला बोलावलं. म्हटलं, माझा हात पलीकडे पोचत नाही. पंख पुन्हा उभा, मी इकडे, ती तिकडे. बऱ्याच टाक्यांनंतर तीच बोलली.

"आई, त्या दिवशी रेडिओवर मी चाकं म्हणाले नव्हते."

"मग?"

"हात टेकले म्हणाले. मी अजून वर होते. मला वाटलं, संपलं. मग चाकं कशी टेकली ते माझं मलाच ठाऊक नाही. असल्या माणसाने विमान चालवू नये."

इतके दिवस पोर हे एकटीच उराशी घेऊन फिरत होती.

"तेव्हा तुझे हात कुठे होते?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"सरळ विचारतेय. मांडीवर होते? डोळ्यांवर होते?"

"नाही. विमान चालवायच्या दांड्यावर होते."

"शेवटपर्यंत?"

"हो."

"मग टेकले कुठे? तोंडाने टेकले असतील. तोंडाने तू जन्मापासून टेकतेयस. हातांनी काम सोडलं नाही ना? बास तर मग."

कापडाला हात लावला तर ते हलत होतं. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. मग माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "ती परीक्षा पुरी कर. परवाना घे. आणि पहिली मला वर ने."

"तुला? तू स्टुलावर चढत नाहीस!"

"म्हणून तर म्हणतेय. आधी सुई दे इकडे."

सुई आली.

जे बोलले ते घरी आल्यावर आठवलं आणि आधी गोळी घेतली. ह्यांना सांगितलं तर कितीतरी दिवसांनी हसले.

२६ नोव्हेंबर

आज ठकीच्या परीक्षेचे तीन निरोप आले. टेकले. टेकले. टेकले. प्रत्येक वेळी ह्यांनी उलट विचारलं, हात की चाकं? आणि तिने लिहिलं, चाकं. आता ती घरातली थट्टा झालीय. ज्या शब्दांनी सप्टेंबरात आमचा जीव घेतला होता, ते आता चहाबरोबर बोलले जातात. देवा, तुझी मोठी कृपा.

३१ डिसेंबर

सकाळी यादी आली. ह्यांनी आधी विक्रम वाचले, आमची ठकी त्यांत नाही. मग मी म्हटलं, खालचीही मोठ्याने वाचा. वाचली. तिथेही नाही. त्यात ज्यांची नावं होती त्यांच्याही घरी कुणी निरोपाची वाट पाहत असेल. मी हात जोडले.

मग तळावर गेलो. ठकीच्या परवान्याची शाई वाळली नाही तोवर माझा शब्द वसुलीला आला. पक्कडांनी पट्टा बांधला. दोनदा ओढून बघितला आणि म्हणाले, "ठीक." मास्तरांनी दात दाखवले. हे कुठे दिसेनात. बघते तर कुंपणाबाहेर, सायकल टेकवून उभे! मुलगी वैमानिक, बायको पंख शिवणारी, फाटक सताड उघडं, आणि हा माणूस बाहेर. बाकी कुणी नाही त्या कुंपणाशी, पण त्यांना तिथे उभं राहायची सवय असल्यासारखे उभे होते. तेव्हा मला पक्कडांचं जानेवारीतलं बोलणं आठवलं. त्यांचा माणसात घोटाळा झालाच नव्हता.

आजीबाई निघाली. मी डोळे गच्च मिटले. सगळे देव आठवले, जे माहीत नव्हते तेही. मग खडखड थांबली आणि एकदम मऊ झालं. ठकी म्हणाली, "आई, तुझी शिवण बघ." मी एक डोळा उघडला. डोक्यावर पंख, त्यावर फासळीफासळीला माझ्या टाक्यांची रांग, आणि वारा एवढा असून एक गाठ हलत नव्हती. दुसरा डोळाही उघडला. खाली आमची गच्ची दिसली, तारेवर वाळत घातलेला माझा टॉवेलसुद्धा. आणि समोर ठकीचे हात. दांड्यावर, सैलसर, पोळी लाटताना माझे असतात तसे. मी घाबरले नाही असं लिहिणार नाही. घाबरले, आणि तरी खाली यावंसं वाटेना.

गवतावर धाप धाप झालं. ठकीने इंजिन बंद केलं. मी फोन काढला आणि ह्यांना तो शब्द पाठवला: टेकले.

कुंपणाशी त्यांनी खिशातून फोन काढलेला दिसला. उत्तर आलं: हात की चाकं?

मी लिहिलं: दोन्ही. आता आत या. तुमची पाळी.

त्यांनी ते दोनदा वाचलं असावं, कारण बराच वेळ मान खालीच होती. मग सायकल तशीच कुंपणाला टेकवून, कुलूपही न लावता, ते आत आले.